बोगद्यात अडकलेली रिकामी गाडी

माझा नवरा अमरावतीहून अकोल्याला बंद बॉडीचा ट्रक चालवतो. गेल्या वर्षी तो ट्रक रेल्वेखालच्या बोगद्यात अडकला आणि माझ्या डोक्यात जी भुणभुण सुरू झाली, ती अजून पुरती थांबलेली नाही.

हमरस्त्यावर काम चालू होतं, म्हणून मूर्तिजापूरच्या अलीकडे गाड्या आतल्या रस्त्याने वळवल्या होत्या. सकाळी सरकीच्या ढेपेची पोती भरून तो त्या बोगद्यातून सहज गेला. अकोल्याला माल उतरवला, दुपारी रिकामी गाडी घेऊन त्याच रस्त्याने परतला आणि गाडीचं छत वर घासून फाटलं. मागे येईना, पुढे जाईना. शेवटी चाकांतली हवा कमी केली तेव्हा गाडी निघाली. तोवर मागे ही रांग लागली होती, आणि कुणीतरी त्याचा घामाघूम चेहरा मोबाईलवर टिपून गावभर केला होता.

लोकांचा एकच प्रश्न. सकाळी गेली, मग दुपारी कशी अडकली? पुढचं कुणी बोलत नव्हतं, पण रोख कळत होता. माझ्या दिराने अकोल्याहून फोन करून मलाच विचारलं, "वहिनी, खरं सांगा, दादानं थोडी घेतली त नव्हती?"

"त्यायनं नाई घेतली," मी म्हटलं, "पण तुमी काहून घेतल्यासारखं बोलून राहिले?" आणि फोन ठेवून दिला.

साधी गोष्ट होती. पोती भरली की चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगा, दबतात, गाडी खाली बसते. रिकामी झाली की वर उचलते. चार बोटांचा फरक, आणि तेवढीच जागा त्या बोगद्यात नव्हती. त्याने हे पहिल्या दिवशी मला एकदाच सांगितलं आणि मग तोंडाला कुलूप लावलं. तेव्हा मीच गल्लीची वकील झाले. पिठाच्या गिरणीवर, बचत गटात, भाजीच्या गाडीपाशी, जो दिसेल त्याला कमानपाटे समजावत सुटले. गुरुजी चुकले तर फळा पुसतात, डॉक्टर चुकले तर आपलं नशीब, आणि ड्रायव्हर चुकला की बेवडा. रागाने मला झोप लागत नव्हती.

घरात त्याचंही बूड टेकत नव्हतं. ट्रक दुरुस्तीला गेला होता. तो दारापर्यंत जायचा, परत यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा दारात. दोन घास खाल्ले की ताट सारायचा. मला खरी भीती वेगळीच होती, की हा माणूस पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार की नाही. हातची गाडी गेली तर तो घरात बसून वेडा होईल, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

मग एका दुपारी गाडीचे मालक स्वतः घरी आले. भला माणूस. चहा घेतला आणि नवऱ्याला म्हणाले, "तुही काईच चूक नाई गड्या. तो बोगदाच तसा हाये. तू आता गोडाऊनवर बस. गाडीवर मी दुसरा कोनी पाहतो."

'चूक नाई' हे ऐकण्यासाठी मी इतके दिवस जीव टाकत होते. "मी सांगतच होते" असं म्हणायला पुढे आले, तेवढ्यात नवरा उठून उभा राहिला.

"चूक माहीच हाये, शेठ. रिकामी गाडी उचलते हे मले मालूम होतं. घरी यायच्या नादात उतरून पाह्यलं नाई."

"अहो, तुमी गप बसा," मी मधे पडले.

"तूच गप राय. गावभर सांगत सुटली, याची चूक नाई, याची चूक नाई. चूकबी माही नाई, त मंग गाडी चालवत होतं कोन?"

मला त्याचा भयंकर संताप आला. ज्याच्यासाठी सगळ्यांशी वैर घेतलं, त्यानेच माझी वकिली चुलीत घातली. आणि तरी, कितीतरी दिवसांनी तो नीट उभा दिसला म्हणून बरंही वाटलं.

मालकांनी कप खाली ठेवला. "अन् पुन्हा अडकली त?"

"तवाबी माहीच चूक राहीन."

मालक जायला उठले. मग म्हणाले, "गाडी उद्या गॅरेजातून निघते. आनाले तू जातो का मी कोनाले पाठवू?"

नवरा चपला शोधायला लागला.

"शेठ उद्या म्हणाले," मी म्हटलं, पण तोवर तो फाटकाबाहेर गेला होता.