सुनेच्या मापाचे बूट

खट्ट!

साठ-पासष्ट वर्षं झाली असतील, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझे वडील गावच्या देशमुखांच्या घोड्यांची राखण करायचे. थंडीच्या सकाळी देशमुख घोड्यावर बसले, की त्यांच्या बुटाची टाच रिकिबीला अडायची आणि खट्ट व्हायचं. रिकीब म्हणजे खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची लोखंडी कडी. वडील म्हणायचे, "ऐकलंस का? टाच आडली. आता पाय पलीकडं जायचा न्हाई. पाय पलीकडं गेला आन् घोडं उधळलं, की माणूस फरफटत जातंय बघ."

एवढं शहाणपण लहानपणी कानात पडलेला माणूस बुटांच्या बाबतीत कसा फसेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. घ्या, चहा घ्या. फजितीच सांगायची आहे, मला कुठं घाई आहे?

माझ्याकडे एक घोडी आहे, चांदणी. ताडकळसच्या आसपास नवरदेव मिरवायचा असला की चांदणीला बोलावणं येतं. अशा घोडीला रोज सकाळी फिरवावं लागतं. नुसती बांधून ठेवली तर ती बँडच्या आवाजाला बुजते, आणि नवरदेव लग्नाआधीच जमिनीवर येतो. पण माझा गुडघा गेला. खोगिरावर चढणं बंद झालं. मुलगा पुण्याला कंपनीत. मग घोडी फिरवायची कुणी?

फिरवली सुनेनं.

वंदना तिचं नाव. माहेर पाथरीकडचं. दोन वर्षं झाली घरात येऊन, पण माझ्याशी समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. मग आम्ही चांदणीमार्फत बोलायचो. ती वैरण टाकता टाकता म्हणायची, "चांदणे, मामांची गोळी राहिली बरं का आज." मी आतून म्हणायचो, "चांदणे, घेतली म्हणावं." दोघांच्या मधे ती बिचारी घोडी कान हलवत उभी असायची.

एका सकाळी मी हॉटेलातून लवकर परत आलो, तर ही पोरगी कालव्याच्या वाटेनं चांदणीवर बसून निघालेली! पाठ ताठ, लगाम कसा सैल धरलेला! कुणी शिकवलं, देव जाणे. मी बाभळीच्या आड लपलो. का लपलो? अहो, मी पाहिलं असं तिला कळलं असतं, तर लाजून दुसऱ्या दिवसापासून बसलीच नसती. तेव्हापासून रोज त्या वेळेला मी हॉटेलात जाऊन बसू लागलो. आमच्या मंडळींना सगळं माहीत होतं. पण "मामांना कळू द्यायचं न्हाई" असं त्या दोघींचं ठरलेलं. आणि मला कळलंय, हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं माझं ठरलेलं. एका घरात तीन माणसं आणि चांदणी धरून चौघं, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो!

पण यंदाची थंडी वाईट पडली. परभणीची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, हाडात शिरते. त्यात चांदणीच्या ठाणावर, म्हणजे तिच्या बांधायच्या जागी, पाणी, शेण, चिखल. पोरगी पहाटे त्यात उभी राहून झाडलोट करायची. पायाला भेगा पडलेल्या. पायात काय, तर गुळगुळीत रबरी चप्पल! आणि तसाच तो पाय रिकिबीत.

एक दिवस ती लंगडत आली. आमची मंडळी म्हणाली, "दगडाला ठेचाळली."

 पण पावलाच्या वरच्या अंगाला, घोट्यापुढं खरचटलं होतं, जिथं रिकिबीचं लोखंड लागतं तिथंच. दगडाची ठेच तिथं लागत नसते. पाय चपलेसकट पलीकडं गेला होता.  बसू नको म्हणावं, तर तिच्या मनातली एवढी एकच गोष्ट जाते. न म्हणावं, तर एखाद्या दिवशी पोरगीच जाते.

ठरवलं. बूट आणायचे. टाचेचे, उबेचे, पाणी आत न घेणारे. ठाणावरही चालतील आणि रिकिबीतही.

आता माप कुठून आणायचं? तुम्ही म्हणाल, दाराशी तिची चप्पल असेल की. अहो, सासऱ्यानं सुनेची चप्पल हातात घेऊन मापायची? आणि त्याच वेळेला आमची मंडळी दारात आली तर?

मग मी अक्कल लढवली. आमच्याकडे पूर्वापार चाल आहे. बाजाराला जाणाऱ्याजवळ पायाच्या मापाची कडब्याची काडी मोडून द्यायची. सकाळी ती घोडी घेऊन गेल्यावर मी ठाणावर गेलो. हौदाजवळच्या ओल्या मातीत अनवाणी पायाचा सुरेख ठसा उमटलेला. पाची बोटं, टाच, सगळं कसं छापल्यासारखं! काडी ठशाच्या लांबीला धरली, मोडली, आणि पाहतो तर काय?

केवढा हा पाय!

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दोन वर्षं ही पोरगी एवढुशा चपलेत एवढा मोठा पाय कोंबून चालत होती, आणि कुणाला बोलली नाही! तिच्या बापालाही मी मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

काडी खिशात घातली, पिशवीत एक जादाची रिकीब घेतली आणि परभणीला गेलो.

दुकानदार भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याचे ग्रह बरे नसावेत.

"बाईमाणसाचे बूट पायजेत," मी म्हणालो. "घोड्यावर बसायला आन् शेणात उभं राहायला."

"एकच जोडी दोन्हीला?"

"पाय बी एकच जोडी हाय."

मी काडी दिली. त्यानं ती पट्टीला लावली, काडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाबा, ही सून हाय का पैलवान?"

"गरीब हाय हो लय. तोंडातून शब्द न्हाई काढत."

"तिला काढायची गरजच काय? नुसता पाय दाखवला तरी लोक गप होतील!"

बायकांच्या बुटांत एवढं माप निघेना. शेवटी त्यानं माळ्यावरून एक खोकं काढलं. कधीपासून पडून असलेली जोडी. काळं रबर, आत लोकरीसारखं मऊ अस्तर, जाड टाच. आणि नडग्यांवर ही एवढाली गुलाबी फुलं! मला वाटलं, पोरीला आवडतील.

"पाणी जातंय का आत?"

"जात न्हाई."

"बादली आणा."

"बादली?"

बादली आली. मी बुटात हात घातला आणि बूट वरच्या काठापर्यंत पाण्यात बुडवून धरला. तेवढ्यात चहा आला. एक हात बादलीत, एका हातात कप, असा मी बसलो. चहा संपल्यावर हात काढला तर कोरडा ठणठणीत, वर घाम आलेला. म्हणजे ऊबही होती! मग तळवा पाहिला. फार खोल खाचा नकोत, त्या रिकिबीत अडकतात. अगदी सपाटही नको, शेणात घसरतो. मग पिशवीतली रिकीब काढली, दुकानाच्या शटरच्या कडीला अडकवली, आणि हातानं बूट आत-बाहेर करून पाहिला. टाच बरोबर अडली.

रस्त्यावर माणसं गोळा झाली. एकानं विचारलं, "काय चाललंय?" दुकानदार म्हणाला, "काई न्हाई. बाबा घोडं न आणता घोड्यावर बसायलेत."

घरी आलो. बूट गुपचूप ठाणावर ठेवायचे, तिला सापडतील, असा बेत. पण दारातच आमची मंडळी.

"काय आणलंत?"

"बूट."

"कुणाला?"

आता आली का पंचाईत! सुनेला म्हणावं तर सगळंच उघडं पडतं. तोंडातून निघून गेलं, "मला."

"घाला बघू."

मी निर्धास्त होतो. सुनेच्या मापाचे बूट मला कशाला होतील? ओट्यावर बसलो, पाय घातला.

सर्रकन आत गेला! असा गेला, जणू चांभारानं माझ्याच पायावर बेतलाय!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पहाटे सगळ्यांच्या आधी हौदावर अनवाणी कोण गेलं होतं? मीच! चांदणीला पाणी दाखवायला! म्हणजे ज्या पायासाठी मी डोळे ओले केले, तो पाय माझाच.

"माप तर बरोबर आणलंत," आमची मंडळी म्हणाली. "पर या वयात गुलाबी फुलं?"

"थंडीला बरी असतात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दाराआड वंदना उभी होती. तिनं बूट पाहिले. पिशवीतून डोकावणारी रिकीब पाहिली. आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा हॉटेलातून परत आलो, तर चांदणी खुंट्यालाच. तिसऱ्या दिवशीही तेच. खोगीर पुसून, तेल लावून, वर टांगून ठेवलेलं. आणि ठाणावरून आवाज आला, "चांदणे, आता तुजे मालकच बसणार हायेत. बूट बी आणलेत त्यांनी. तू नीट चाल बरं, गुडघा दुखतो त्यांचा."

राग नव्हता हो त्या आवाजात. रागावली असती तर बरं झालं असतं. द्यायला गेलो होतो काय, आणि काढून घेतलं काय!

चार दिवसांत चांदणी खुंटा उपटायला लागली. आठवड्यावर लग्न आलेलं. आमची मंडळी चिडली, "बूट आणलेत तर बसा की! का नुसते फुलं हुंगायला आणलेत?"

मग काय! बूट घातले, ओट्यावरून कसाबसा चढलो. चांदणी निघाली ती माझं न ऐकता थेट कालव्याच्या वाटेनं. मी लगाम ओढतोय डावीकडे, ती चाललीय उजवीकडे. कालव्याच्या वळणावर, चिंचेखाली येऊन थांबली. थांबली ती थांबलीच! मान वळवून माझा खिसा हुंगायला लागली.

खिशात गूळ शोधत होती. म्हणजे रोज इथं थांबून हिला गूळ मिळतो. चिंचेखाली एक दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. समोर मोठा रस्ता दिसत होता, परभणीकडे जाणाऱ्या एस्टीचा. परभणीवरून पुढे पाथरी. माझी सून रोज इथं येऊन बसते आणि माहेरच्या वाटेकडे पाहते, हे मला त्या घोडीनं दाखवलं.

उतरावं म्हटलं, तर पाय निघेना! दुकानात मी बुटात हात घालून पाहिलं होतं. पाय आत गेल्यावर बूट फुगतो, हे कुणाच्या ध्यानात येणार? रिकिबीत असा फसला, की पुढं जाईना, मागं येईना. गूळ नाही म्हणून घोडी हलेना. पाय निघत नाही म्हणून मी हलेना. अर्धा तास आम्ही दोघं पुतळ्यासारखे! येणारी-जाणारी माणसं वाकून नमस्कार करायची तेवढी राहिली होती.

तेवढ्यात, आम्ही परतलो नाही म्हणून शोधत निघालेली वंदना वाटेनं पळत येताना दिसली.

"मामा! हलू नका!"

दोन वर्षांत माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द तो.

"हलता येईना म्हणून तर हितं हाय," मी म्हणालो.

तिनं आधी काखेतल्या पिशवीतला गूळ चांदणीला दिला, मग बूट धरून पिळला, ओढला. मी धपकन खाली आलो. ती माझा गुडघा चाचपायला लागली. "लय लागलं का? कशाला बसलात हो? मला सांगायचं की, मी फिरवली असती."

"रोज तूच फिरवतीस," मी म्हणालो. "ठाऊक हाय मला."

तिचा हात थांबला.

"हॉटेलात काय मी चहासाठी जातो व्हय रोज? पोरी, हे बूट तुज्यासाठी आणले. तुजा पाय रिकिबीतून पलीकडं गेला, तवापासून माजा जीव थाऱ्यावर न्हाई. मातीतल्या ठशावरनं माप घेतलं. ठसा माजाच निघाला."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. गुलाबी फुलांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. तिचा पाय केवढा म्हणाल? माझ्या एका बुटात दोन्ही मावले असते! आधी ओठ दाबून धरले तिनं, आणि मग खुदकन, अशी हसली की चिंचेवरचे होले उडाले.

"ऐक," मी म्हणालो. "चप्पल घालून बसू नको. पायाचा फकस्त चवडा ठेव रिकिबीवर, टाच खाली दाब. जोडे येईपर्यंत पळवायची न्हाई, नुसती चालव. आन् उद्या तूच चल परभणीला, तुजा पाय तुज्यासंगट घेऊन."

एवढंच तर सांगायचं होतं! याच्यासाठी मी काडी मोडली, बादली मागवली, दुकानापुढे जत्रा भरवली. दोन वर्षं घोडीशी बोलण्याऐवजी एकदा सुनेशी बोललो असतो, तर हे सगळं खुंट्याजवळ उभ्या उभ्या मिटलं असतं.

तिनं चप्पल काढून पिशवीत टाकली आणि माझ्यासमोर, अगदी माझ्या डोळ्यांदेखत, चांदणीवर बसली. चवडा बरोबर ठेवला. टाच खाली.

मी कौतुकानं पाहत राहिलो. मग ध्यानात आलं, की घर इथून दोन मैल आहे, वेळ शाळा भरायची आहे, आणि गावात शिरायला शाळेपुढूनच वाट आहे.

"अगं वंदना," मी हाक मारली, "मी कसा जाऊ या फुलांत?"

ती हसू आवरत माझ्याकडे पाहत राहिली.  चांदणीला तिनं कालव्याच्या कडेनं पुढं घातलं, आता कुणापासून लपायचं नव्हतं म्हणून रोजच्यापेक्षा लांबच्या वाटेला, आणि संथ चालीनं निघून गेली.