पडदा हिरवा आहे

चित्रकलेचे शिक्षक गजभिये सर यांचं गेल्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी कर्वेनगरमधल्या राहत्या घरी निधन झालं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, एका वर्तमानपत्रात काम करतो.

सर चंद्रपूरहून नोकरीसाठी पुण्यात आले आणि दर रविवारी बैठकीच्या खोलीत वर्ग घेऊ लागले. मंडईजवळच्या रद्दीच्या दुकानात त्यांना फ्रान्समधल्या एका संग्रहालयाच्या आधुनिक चित्रांचा कॅटलॉग मिळाला होता. चित्रं काळी-पांढरी, मजकूर फ्रेंच. करड्या छटांवरून सरांनी रंग ताडले आणि ठामपणे शिकवले. खिडकीपाशी बसलेल्या बाईमागचा पडदा लाल, हे प्रत्येक तुकडीने वहीत लिहून घेतलं. पुढे त्यांची विद्यार्थिनी मृणाल सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि कंपनीने तिला सहा महिन्यांसाठी ते संग्रहालय असलेल्या शहरातच पाठवलं. सरांनी तिच्या हातात भिंतींच्या रंगांचं शेड कार्ड ठेवलं.

"सर, फोटो आणते ना."

"फोटो नको. फिल्मचा रोल बदलला की रंग बदलतो. चित्रासमोर हे धर आणि जुळेल त्या रंगावर खूण कर."

"हाकलतील मला तिथून."

"मग पुन्हा रांगेत उभी राहा. पुण्यात वाढलीस ना?"

परत आल्यावर ती आधी माझ्याकडे आली. "काका, पडदा हिरवा आहे... सरांना सांगू? इतकी वर्षं शिकवलंय त्यांनी." मी म्हटलं, "ऐकायचं नसतं तर कार्ड दिलं असतं का?"

सरांनी कार्ड खिडकीपाशी नेलं. बराच वेळ पाहिलं... "हिरवाच हवा," म्हणाले, "लाल असता तर बाई त्यात बुडाली असती." दुसऱ्या दिवशी जुनी हजेरीपुस्तकं काढून ते प्रत्येक विद्यार्थ्याला पोस्टकार्ड लिहायला बसले : 'पडदा हिरवा आहे. मी लाल शिकवला, ती माझी चूक. वहीत दुरुस्ती करावी.'

"अहो, एवढं कशाला?" मी विचारलं. "आमच्या पेपरात दुरुस्ती आतल्या पानावर दोन ओळींत उरकतात."

"तुमचा पेपर उद्या रद्दीत जाईल. माझी पोरं तो पडदा जन्मभर लाल बघतील."

अंत्यदर्शनाला आलेल्या तिघांनी ती पोस्टकार्डं सोबत आणली होती.

कॅटलॉग सरांच्या टेबलावर आहे. एक सोडून प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने शेडचा नंबर लिहिला आहे. शेवटचं चित्र मृणाल तिथे गेली तेव्हा दुसऱ्या गावी प्रदर्शनाला गेलं होतं. त्याखाली सरांच्या अक्षरात 'टेबलक्लॉथ : पाहायचा आहे' एवढंच आहे.

गेल्या गुरुवारी मृणाल पुन्हा फ्रान्सला गेली. शेड कार्ड तिने सोबत नेलं आहे.