मिठाचा बर्फ आणि पप्पांची खुर्ची

त्या आठवड्यात माझी झोप उडवली ती एकाच काळजीनं. तिकडे एडनला बसलेल्या माणसाला आता आपलं घर ओळखू येईल का? आणि बेबी? आमचे हे आगबोटीच्या कंपनीत कारकून म्हणून तिकडे गेले, तेव्हा बेबी रांगत होती. आता ती पळते, भांडते, शेजारच्या माईंना उलट उत्तरं देते. यांच्या डोळ्यांपुढे मात्र ती अजून रांगतच असणार!

म्हणून ठरवलं, नाताळसाठी यांना एक फॅमिली फोटो धाडायचा. आणि तो स्टुडिओतला नको. बाजारातल्या स्टुडिओत पडदा एकच, त्यावर राजवाड्याचा जिना आणि दोन हंस. पनवेलातली निम्मी लग्नं त्या हंसांसमोर उभी राहिलेली आहेत. मला आमच्या घरातला फोटो हवा होता, मागे नाताळची सजावट असलेला. बघताक्षणी यांना वाटावं, आपण दारातच उभे आहोत.

फोटो निघाला एक आणि किस्से साचले ढीगभर. अजूनही कोणी पाहुणा आला की माई मला कोपरानं डिवचतात, "ते शेळीचं सांगितलंस का गं?" त्यापेक्षा एकदा लिहूनच काढलेलं बरं.

*

माझ्या शाळेतल्या मॅडमनी एकदा मला विलायती कार्ड दिलं होतं. त्यात भिंतीतली शेकोटी, बाजूला झाड, वर चांदणी, खिडकीबाहेर रात्र आणि बर्फ. मी तेच समोर ठेवून कामाला लागले. दोरीवर काळी घोंगडी टांगली आणि खडूनं नि गेरूनं तिच्यावर विटांची शेकोटी काढली. चित्रकलेत मी कायम काठावर पास, त्यामुळे विटा जरा भाकरीसारख्या गोल आल्या.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी चांगुणामावशी टोपली उतरवून बराच वेळ बघत राहिली.

"ही काय गो, भिंतीन चूल?"

"चूल नव्हे मावशी, शेकोटी. थंडीत ऊब घ्यायला."

तिनं पदरानं कपाळावरचा घाम टिपला. "पनवेलान?"

*

चांदणीचा प्रश्न माईंनी सोडवला. दिवाळी नुकती सरली होती. त्यांनी आपला आकाशकंदील आणून दिला. त्याला मी पुठ्ठ्याची पाच टोकं चिकटवली. तरी मनात धाकधूक होतीच, म्हणून विचारलं, "माई, तुम्हाला चालेल ना? तुमच्या दिवाळीचा कंदील, आमच्या नाताळला?"

"अगं, परवापर्यंत लक्ष्मीची वाट दाखवत होता, आता येशूबाळाची दाखवेल. वाट दाखवणं हेच काम त्याचं. फक्त संक्रांतीआधी परत दे!"

*

झाड म्हणून सुरूची फांदी मिळाली. राहिला बर्फ. तो मी पाहिलेला नाही, माईंनी तर नाहीच नाही. चांगुणामावशीनं चौकशी केली, "कसा गो असतो तो बरफ?"

"पांढरा असतो. आणि थंड."

दुसऱ्या दिवशी ती मासळीऐवजी टोपलीभर मीठ घेऊन हजर! तिच्या घरचे सगळे मिठागरावर कामाला. "घ्या. पांढरा हाय. थंड तेवढा तुमी समजून घ्या!"

*

मुख्य घोटाळा माझ्याच हातून झाला. फोटोत हे नाहीत, तर निदान यांची तसबीर असावी म्हणून मी भिंतीवरची फ्रेम काढून खुर्चीवर ठेवली. लग्नाच्या वेळचा फोटो तो, डोक्यावर कुरळ्या केसांचं जंगल. बेबी रोज सकाळी माझी वेणी झाली की तोच कंगवा घेऊन त्या काचेवरून फिरवते. पप्पांचा भांग पाडल्याशिवाय तिला दूध जात नाही.

मी झाडाला जरीच्या माळा घातल्या, शेकोटीला घातल्या, एक माळ उरली. हात चालूच होते, ती फ्रेमला घातली आणि कशी दिसते म्हणून चार पावलं मागे सरले.

माई दारातूनच किंचाळल्या, "अगं बाई, काढ तो हार! धडधाकट माणूस आहे ना तिकडे?"

मॅट्रिक झालेली बाई मी! फोटोला हार कधी घालतात हे शिकवायला शाळा लागते का? माळ ओरबाडून काढली, फ्रेम परत खिळ्यावर लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली. घासलेलीच होती ती.

*

खुर्ची मात्र रिकामी राहिली, तीही बरोबर मधोमध. बेबीला मी सांगितलं, "ही पप्पांची. हिच्यावर कोणी बसायचं नाही." तिनं ते फारच मनावर घेतलं. माई दमून जरा टेकल्या, तर ही कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी!

"उठा! पप्पा आले तर कुठे बसतील?"

माई उठल्या. पनवेलात माईंना बसल्या जागेवरून उठवणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

*

उस्मानभाई फोटोग्राफर तीन पायांचा कॅमेरा घेऊन आले. खोलीवर नजर फिरवली. "भाभी, सजावट माशाल्ला! पण इथे अंधार आहे. उजेड अंगणात."

झालं! घोंगडी कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेली, झाड माईंच्या तुळशीच्या शेजारी, कंदील पेरूच्या फांदीला. घरातला फोटो काढायचा म्हणून सगळं घर बाहेर! आणि वर ऊन असं, की आमच्या हिवाळ्यातल्या रात्रीनं डोळे दिपत होते.

आम्ही कपडे बदलून येईपर्यंत गल्लीतल्या एका शेळीनं झाडाखालचा बर्फ चाटूनपुसून साफ केला होता आणि ती बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी पीत होती.

चांगुणामावशी शांतपणे म्हणाली, "तवाच! विलायतेन शेल्या नसतील, म्हणून बरफ टिकतो."

*

उरलेलं मीठ पसरलं. उस्मानभाई खुर्चीकडे बघून घुटमळले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाभी, वाईट वाटून घेऊ नका. रिकामी खुर्ची फोटोत घेऊ नये. बघणारे विचारतात, कधी गेले म्हणून."

एरवी मी दहा जणांना विचारल्याशिवाय भाजीत मीठ घालत नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "बघणारा एकच आहे, उस्मानभाई. खुर्ची राहू दे."

*

आता बेबी कॅमेऱ्याकडे बघेना. खुळखुळा झाला, "चिमणी उडेल बघ" झालं, काही नाही. ती आपली खुर्चीचा हात धरून दाराकडे डोळे लावून. शेवटी माई म्हणाल्या, "बेबे, त्या डब्यातून तुझे पप्पा बघतायत!"

बेबी ताठ उभी राहिली. कॅमेऱ्याकडे बघून असं हसली, की मीच कॅमेऱ्याकडे बघायचं विसरत होते. उस्मानभाईंनी टोपी काढून पेरूला अडकवली, काळ्या कपड्याखाली शिरले, आणि फोटो निघाला.

ते बाहेर यायच्या आत बेबी धावली. दोन्ही हातांनी तो काळा कपडा वर उचलला. आत उस्मानभाई वाकलेले, घामानं डबडबलेले, डोक्याचा तुळतुळीत गोटा उन्हात चमकणारा. तिनं त्यांना नीट न्याहाळलं.

"पप्पा, केस कुठे गेले?"

माई हसता हसता ओट्यावरच बसल्या. चांगुणामावशीनं पदर तोंडात कोंबला. उस्मानभाई लाजून टोपी शोधू लागले. मीही हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते. बेबी तेवढी हसत नव्हती. तिनं उस्मानभाईंचं बोट घट्ट धरलं.

"असू दे," ती म्हणाली. "चला, तुमची खुर्ची ठेवलीय."