अहिवाऱ्याची दहा मिनिटं

मी नेमकं काय काम करते, हे मला आईला कधी समजावता आलं नाही. शेवटी तिनंच एक वाक्य तयार केलं आणि भेटेल त्याला तेच सांगत सुटली, की माही पोरगी कम्प्युटरमंदी आहे. म्हणजे मी त्या डब्यातच राहते आणि जेवायला तेवढी बाहेर येते. आधी मी चिडायचे, मग नाद सोडला.

खरं तर काम सांगायला सोपं आहे. मी ज्या ट्रस्टकडे नोकरी करते त्याचा मोठा दवाखाना हुडको कॉलनीत, एक शाखा पद्मनाभपूरला आणि एक तिकडे अहिवाऱ्याला. तिन्ही ठिकाणी वेगवेगळे सर्व्हर. एकच का नाही, असं प्रत्येक नवा ट्रस्टी मला पहिल्या मीटिंगला विचारतो, आणि मी प्रत्येकाला अहिवाऱ्याचं नेट दाखवते. चुनखडीच्या ट्रकांची वाट ती, रस्ता आज खणला, उद्या बुजवला, केबलची खैर नाही. पेशंट समोर उभा आणि पडद्यावर नुसतं चाक फिरतंय, असं दवाखान्यात चालत नाही. म्हणून पेशंटांच्या टेबलाची, म्हणजे माहितीच्या तक्त्याची, एक-एक प्रत तिन्हीकडे. त्यात एका माणसाची एक ओळ असते. नाव, वय, रक्तगट, कोणतं औषध चालत नाही, वेळ आली तर कोणाला फोन करायचा. नेट असलं की तिन्ही सर्व्हर आपापले बदल एकमेकांना कळवतात आणि तिन्ही टेबलं सारखी होतात. ती सारखी ठेवायची, याचा मला पगार मिळतो.

आता एकाच माणसाची ओळ दोन जागी बदलली तर खरी कोणती धरायची? सॉफ्टवेअर घेतलं तेव्हापासून त्यात एक नियम होता, की जो बदल नंतरचा तो खरा. प्रत्येक बदलावर तिथल्या सर्व्हरच्या घड्याळाची वेळ पडते, उशिराची वेळ जिंकते आणि तिची सगळी ओळ तिन्हीकडे जाते. पुष्कळ ठिकाणी असंच चालतं, आणि आमच्याकडेही बरीच वर्षं विनातक्रार चाललं.

बाबा रिटायर झाले आणि आमचं सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सुटलं, तेव्हा आम्ही हुडकोत राहायला आलो. बाबांनी सारी नोकरी स्टील प्लांटमध्ये क्रेनवर काढली. कधी फर्स्ट, कधी सेकंड, कधी नाइट शिफ्ट. अशा माणसाला घरी बसवून ठेवणं म्हणजे घरातल्यांना शिक्षा. दोन महिन्यांत त्यांनी आईला कांदा कसा चिरायचा ते शिकवायला घेतलं, तेव्हा तीच मला म्हणाली, बाई, यायले कुठंतरी लाव. ट्रस्टला अहिवाऱ्याच्या काउंटरवर वेळ पाळणारा माणूस हवाच होता. बाबा इस्त्रीचा हाफ शर्ट घालून रोज दवाखान्याच्या गाडीनं जायला लागले आणि आमच्या घरात शांतता आली.

वेळ पाळण्यावरून आईच्या मनात मात्र एक जुनी अढी होती. तिच्या मते बाबांचं लग्न आधी ड्युटीशी झालं आणि मग तिच्याशी. मी झाले तेव्हा ते नाइट शिफ्टला होते. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा प्लांटचं शटडाउन होतं. हे सगळं ती भाजी निवडता निवडता सांगायची, आवाज न चढवता. त्यामुळे ते जास्त लागायचं.

गेल्या वर्षी तिचा घसा धरला. कोणीतरी दिलेली कॅप्सूल तिनं सकाळी चहासोबत घेतली आणि तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास ओढून ओढून घ्यायला लागली. मी तिला स्कूटरवर मागे बसवून हुडकोच्या दवाखान्यात नेलं. ते मधलं अंतर मी कसं कापलं ते मला आजही सांगता येत नाही. तिला आत घेतलं तसा मी बाबांना अहिवाऱ्याला फोन केला, की आईला औषधाची रिअॅक्शन आली आहे, श्वासाचा त्रास होतोय. बाबा म्हणाले, बरं. आणि फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी तिला सावरलं. मग कम्प्युटरवर आईची ओळ उघडून, औषध चालत नाही त्या जागी पेनिसिलिन लिहिलं, माझ्या डोळ्यांसमोर. मला म्हणाल्या, या वेळी कॅप्सूलवर निभावलं, हेच उद्या इंजेक्शनमधून गेलं तर हाती लागणार नाही. आई बिछान्यावरून त्यांचं टायपिंग बघत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि निवांत डोळे मिटले. लिहिलं गेलं म्हणजे झालं, असं तिनं धरलं. औषधाचं नाव लक्षात ठेवायचं काम तिच्या डोक्यातून कम्प्युटरकडे गेलं.

बाबा आले ते नेहमीच्या वेळेला, गाडीसोबत, दिवस मावळताना. आईनं भिंतीकडे तोंड केलं. "यायची ड्युटी सुटते तवा माहा नंबर लागते," एवढंच म्हणाली. बाबा डबा हातात घेऊन उभे राहिले. मलाही त्यांचा राग आला होता, मी लपवला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आई पद्मनाभपूरला मावशीकडे राहायला गेली होती. विळीवर फणस चिरताना बोट कापलं, तिनं हळद दाबली आणि कोणाला सांगितलं नाही. बोट पिकून टम्म फुगलं तेव्हा मावशीनं तिला आमच्याच शाखेत नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. सिस्टरनं पडद्यावर पाहिलं, तिथं काही नव्हतं. तरी तिनं विचारलं, माताजी, कोई दवाई मना है क्या? आणि आमच्या मातोश्री ऐटीत म्हणाल्या, मेरी बेटी कम्प्युटर में है, उसने सब लिखके रखा है, उसीमें देखो.

त्यात पेनिसिलिनचा प पण नव्हता.

त्या सिस्टरचं भलं होवो. पडद्यावर काही नसलं तरी आधी हातावर कातडीखाली थेंबभर टोचून बघायची तिची शिस्त होती. तो थेंब गेला आणि हातावर लालभडक फुगा आला, आई खाजवायला लागली, छाती भरून आली म्हणाली. सिस्टरनं भरलेली सिरिंज बाजूला टाकली आणि डॉक्टरांना हाक मारली. पुढचं सगळं वेळेवर झालं. मी पोचले तेव्हा आई बसून मोसंबीचा रस पीत होती आणि मावशी रडत होती. आईनं मला विचारलं, "कावून बाई, तू तं लिवलं होतं ना?"

मी संडासात जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि कम्प्युटरला जाऊन बसले.

रडणं आटपल्यावर मला राग येतो, आणि राग आला की माझं काम चांगलं होतं. पद्मनाभपूरला ओळ बघितली, औषधाची जागा रिकामी. हुडकोत बघितली, रिकामी. अहिवाऱ्यालाही रिकामी. तिन्ही टेबलं अगदी सारखी होती. माझ्या कामात कुठेच खोट नव्हती, आणि माझी आई जाता जाता राहिली होती.

मग बदलांची जुनी नोंद उघडली तेव्हा दिसलं, की डॉक्टरीणबाईंच्या बदलानंतर पाचेक मिनिटांनी त्याच ओळीत आणखी एक बदल झालाय, अहिवाऱ्याहून. अहिवाऱ्याचं नेट त्या दिवशी बंद होतं, संध्याकाळी आलं. आलं तसं तिथल्या सर्व्हरनं आपली ओळ पुढे केली, तिची वेळ उशिराची, म्हणून ती जिंकली. त्या ओळीत पेनिसिलिन नव्हतं, कारण हुडकोची बातमी तिथं पोचलीच नव्हती. बदल होता फक्त फोन नंबरचा, आणि तो नंबर बाबांचा होता.

एवढं दिसल्यावरही माझ्या डोक्यात काय आलं, तर बाबांच्या जागी कोणीतरी दुसरं बसून काहीतरी उपद्व्याप केला असणार. दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी घ्यायला मी अहिवाऱ्याला गेले. बाबा काउंटरवर होते. समोर तोच कम्प्युटर, तिथला सर्व्हरही तोच, छोट्या शाखेला वेगळा कशाला म्हणून. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती. मी सहज माझ्या मोबाइलकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून खाली बसले.

दहा मिनिटं पुढे.

सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरची भिंतीवरची घडी दहा मिनिटं पुढे असायची. शेजारच्यांचीही असायची. प्लांटच्या भोंग्याआधी गेटवर पोचायचं, तर घडी पुढे पाहिजे. क्वार्टरांच्या सगळ्या रांगेत खरी वेळ कोणत्याच घरात नसायची आणि कोणाचं काही अडायचं नाही. हुडकोच्या घरातही बाबांनी पहिल्या दिवशी खिळा ठोकून ती घडी लावली, तशीच पुढे. मी तिच्याखालीच लहानाची मोठी झाले. मला वेगळं काही वाटणारच नव्हतं.

"बाबा, ही घडी समोर कोनं केली?"

"मीनंच केली," बाबा म्हणाले. "रक्ताच्या नमुन्यांची गाडी टाइमावर निंगाले पाहिजे नं. पोट्टे ऐकत नाहीत." नेट आलं की घडी आपोआप मागे जायची, म्हणून ते आपोआपचं त्यांनी कोणाकडून तरी बंद करून घेतलं होतं. हे सांगताना चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. पण समोर पेशंट होते, आणि आधी मला दुसरं विचारायचं होतं. त्या दिवशी आईच्या ओळीत नंबर का टाकला?

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. "तुहा फोन आला. गाडी निंगाली नव्हती, तिच्यात लोकायचं रक्त होतं, ते सोडून मी येऊ कसा? मंग मी तिचं नाव उघडून बसलो. पाहिलं तं फोनच्या जागी अजून क्वार्टरचाच नंबर. तो फोन कधीचा कटला. म्हटलं, तिले काही झालं तं हे लोक कोनाले बोलावतीन? म्हनून माहा टाकला."

मी त्यांना समजावलं. तुम्ही लिहिलं ते डॉक्टरांच्या आधी लिहिलं होतं, पण तुमची घडी पुढे, म्हणून कम्प्युटरनं तुमचं नंतरचं धरलं आणि त्यांचं पुसलं. बाबा क्रेनवरचे, कोणतं वजन कशानं कुठे सरकतं हे त्यांना दोनदा सांगावं लागत नाही. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे माह्या हातानं?"

तुमच्या हातानं नाही, घडीनं, असं मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही, मला दिसलं.

तिन्ही सर्व्हरची घड्याळं त्याच दिवशी मी हुडकोच्या वेळेला बांधली. आता काउंटरवरून ती कोणाला हलवता येत नाहीत. अख्खी ओळ जिंकायचा नियमही काढून टाकला. आता ज्या रकान्यात बदल झाला तेवढाच रकाना पुढे जातो, आणि न चालणाऱ्या औषधाची नोंद डॉक्टरशिवाय कोणाला पुसता येत नाही. आईच्या ओळीत पेनिसिलिन पुन्हा लिहिलं. बाबांचा नंबर राहू दिला.

आई मावशीकडून घरी आली होती. त्या संध्याकाळी जेवताना मी तिला सगळं सांगितलं. बाबा ताटाकडे बघत होते. ती आता घडीवरून त्यांना सोलून काढणार, असं मला वाटलं. पण तिनं घडीचं नावही काढलं नाही. तिनं मला पुन्हा पुन्हा तेच विचारलं, की फोन आल्या आल्या यायनं माहं नाव उघडलं? आन आपला नंबर टाकला? मी हो म्हणाले. मग ती बाबांकडे वळली. "तं मले कावून नाही सांगितलं?"

बाबा म्हणाले, "त्यात काय सांगायचं?"

आईनं त्यांच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. त्यांनी नको म्हटलेलं असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बोटाचं ड्रेसिंग होतं, पद्मनाभपूरलाच. मी लवकर कामावर गेले होते, मावशी तिला नेणार असं ठरलं होतं. मी पोचते न पोचते तोच आईचा फोन.

"इथचं दार अजून उघडलं नाही," ती म्हणाली. "घरची घडी पाहून निंगालो, तं आधीच येऊन बसलो."

मी म्हटलं, मावशीला दे फोन.

"मावशी कुठची? तुहे बाबा हायेत. आज जात नाही म्हने ड्युटीवर."

मी विचारलं, काय करताहेत ते?

"काही नाही," आई म्हणाली. "माह्या बाजूले बसून त्या औषधाचं नाव पाठ करून राहिले."