राखेचे पेले

आज शेजाऱ्याने पाचोळा पेटवला आणि त्या धुरासरशी नाकाडोंगरीचं जंगल आठवलं.

माझ्याबरोबर कीटकांवर संशोधन करणारा सुहास पुण्याचा, मी त्याच जंगलाकडचा. "याला किडे धरता येतात, अभ्यास जमत नाही," असं तो माझ्याबद्दल सरांसमोर हसत म्हणाला होता. म्हणून किडे पकडायचे पेले जमिनीत कधी पुरायचे, हे त्याने विचारलं तेव्हा मी मुद्दाम मार्च सांगितला. मोहफुलं वेचणारे तेव्हा झाडाखालचा पाला जाळतात, हे मला ठाऊक होतं. सुहासची जंगलातली परवानगीही त्याच महिन्यात संपत होती.

मोह वेचणाऱ्या देवकाबाई मला म्हणाल्या, "काहून आले भाऊ आता? पाणी पडल्यावर या नं. आता राखच भेटन."

"काय म्हणतात त्या?" सुहासने लांबून विचारलं.

"चहा घ्या म्हणतात."

चार दिवसांनी पेल्यांत राख आणि दोन-चार मुंग्या होत्या. सुहास गुडघ्यांवर बसून एकेक पेला उपडा करत राहिला. मग म्हणाला, "तू सोबत आहेस म्हणून धीर आहे रे."

मी हसू दाबलं. पुढे त्याने संशोधन सोडल्याचं कळलं, त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो. मला लाज वाटते ती त्या जेवणाची.