रांगेत सगळ्यात शेवटी

लातूर जिल्हा झालं तेव्हा कमानी उभ्या राहिल्या, पेढे वाटले गेले. पुढं दोन-तीन वर्षांत असा दुष्काळ पडला की नळातून नुसता वारा यायचा. साहेब वाढले, जीपगाड्या वाढल्या, पाणी तेवढं बदली होऊन गेलं.

गल्लीत टँकर आला की आमच्या ह्यांचा पहिला नंबर. आवाज असा की रांग आपोआप मागं सरकायची. घरात आवाजाचीही गरज पडत नव्हती, हात पुरेसा होता. भाजीत मीठ जास्त झालं की माझा गाल लाल.

अशा गृहस्थांनी नांदेडकडच्या एका आश्रमात जाऊन उपदेश घेतला. दारू सुटली, मटण सुटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दंडवत सुरू झाले. मी म्हटलं, चला, कचेरीवर नवी पाटी लागली तशी ह्यांच्यावरही लागली. आतला कारभार जुनाच असणार.

महंतबाबांनी ह्यांना खास आज्ञा दिली होती. जिथं रांग असेल तिथं सगळ्यात शेवटी उभं राहायचं, देवानं सांगितलंय असं समजून. बाबांचं काय जातंय! आश्रमात विहीर होती.

झालं. हे घागर घेऊन शेवटी. मागून कुणी आलं की "या, दंडवत" म्हणत आणखी मागं. गल्लीला फार आवडलं. असा धार्मिक शेजारी कुणाला नको असतो? मी चिडले की म्हणायचे, "आज्ञा मला हाय, तुला न्हाई." मग ह्यांच्या वाट्याची धक्काबुक्की मी करू लागले आणि लई नाव कमावलं.

पाण्याची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी त्या हाताची होती. हे सोंग कधी उतरेल आणि हात कधी उठेल, हेच मनात चालायचं. ताट वाढतानासुद्धा मी हातभर लांब उभी राहायचे.

वैशाखात मला ताप भरला. रांजण कोरडा पडला होता. हे घागर घेऊन गेले. वाटलं, आज तरी देव ह्यांना रजा देईल. आले ते अर्धी घागर घेऊन. शेवटी ह्यांचा नंबर लागला तेवढ्यात एक ओली बाळंतीण कळशी घेऊन आली, तिला पुढं घातलं म्हणे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुमच्या देवाला तहान लागत न्हाई, मला लागतीय!" असं ओरडून मी घागरीला लाथ मारली. सगळं पाणी फरशीभर झालं.

आणि माझे दोन्ही हात आपोआप तोंडावर गेले. अंग आखडून मी भिंतीला टेकले आणि वाट पाहत राहिले.

काहीच झालं नाही. बोटांच्या फटीतून पाहिलं. हे खाली बसून धोतराच्या सोग्यानं पाणी टिपत होते, पिळून घागरीत टाकत होते. मग त्यांनी वर बघितलं. माझे हात दिसले आणि ते तसेच थांबले. डोळे भरून आले त्यांचे.

"हात खाली घे गं," म्हणाले. "न्हाई मारणार."

मी घेतले. लगेच नाही, पण घेतले.