किती माणसांचा गीझर

भद्रावतीत आम्ही घर बांधलं आणि गीझर घ्यायचा ठरवला, तेव्हा माझी बहीण फोनवर हसतच सुटली. "चंद्रपूर जिल्ह्यात गीझर? डोकं ठिकाणावर आहे नं तुझं? मे महिन्यात तर नळालाच उकळतं पाणी येते तुमच्याकडे!" आता ते खरंच आहे. उन्हाळ्यात आम्ही आंघोळीचं पाणी आधी भरून निवायला ठेवतो. पण हा गीझर माझ्या सासूबाईंसाठी होता. आलापल्लीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावात जन्मभर धानाची रोवणी करून त्यांची बोटं आखडली होती. थंडीत सकाळी लुगड्याची गाठ मारता मारता डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. डॉक्टरांनी रोज गरम पाण्यानं आंघोळ करायला सांगितली होती. म्हणून धान कापणी झाल्याबरोबर सासू-सासऱ्यांना आम्ही कायमचं घेऊन आलो.

पण केवढा गीझर? इथंच माझ्या डोक्याचं भजं झालं. लाइट फिटिंगवाला म्हणाला, पंधरा लिटर बस झाला. शेजारीण म्हणाली, "पंचवीसच्या खाली घेऊच नका, मी पस्तावून राह्यली." यांच्या ऑफिसातल्या एकानं छपरावर सोलर बसवायचा सल्ला दिला. दुसरा म्हणाला, तीन लिटरचा घ्या, बटन दाबलं की पाणी. अरे बाप्पा, तीन लिटरमध्ये माणूस आंघोळ करतो की चूळ भरतो? बरं, पंधरा लिटर म्हणजे पंधराच लिटर का, तर तेही नाही. म्हणे त्यात थंड मिसळलं की जास्त होते. मग किती होते? कोणालाच सांगता येईना. शेवटी आपली बादली तरी किती लिटरची आहे ते बघावं म्हणून पाण्याच्या बाटलीनं ती भरायला बसले. मधेच कुकरची शिटी झाली आणि माझी मोजणी गेली बोंबलत.

"तूच घेऊन ये, तुलाच काय ते समजते," असं म्हणून हे मोकळे झाले. मला काहीच समजत नव्हतं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. आंघोळ ज्यांना करायची त्यांनाच सोबत न्यावं म्हणून सासूबाईंना घेतलं आणि एसटीनं चंद्रपूर गाठलं.

दुकानात पांढऱ्या गीझरांची ही रांग! दुकानदार भला होता. त्यानं एकच विचारलं, "घरी माणसं किती?"

मी "चार" म्हटलं आणि त्याच दमात सासूबाई म्हणाल्या, "दोन."

दुकानदार आमच्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आई, चार आहोत नं आपण."

"मानसं दोनच नं वो," त्या म्हणाल्या. "तुहे सासरे अन् तुहा नवरा. आपन तं बाया."

मला हसू फुटलं. आमच्या झाडीपट्टीत माणसं म्हणजे गडी, बाया वेगळ्या मोजायच्या, हे मी विसरलेच होते. मी म्हटलं, "अवो आई, गरम पाण्याले बाया-माणूस काय पाहता?"

"काऊन? गरम पानी मानसाईलेच लागते," त्या अगदी सहज म्हणाल्या. "बंब पेटवला का पयले तुहे सासरे, मंग पोरं. मंग इस्तो इझून जाते. आपलं काय, उरलं तं उरलं."

माझं हसू जाग्यावरच थांबलं. आणि मग असा राग आला म्हणता! सरपण आणायचं या बाईनं, बंब पेटवायचा हिनं, फुंकून फुंकून डोळे लाल करायचे हिनं, आणि ही आखडलेली बोटं उरल्या कोमट पाण्यात बुचकळायची. "आता तसं नाही चालायचं," मी दुकानातच त्यांच्यावर ओरडले. "तुमच्यासाठीच घेऊन राह्यलो नं हा गीझर!"

दुकानदार बिचारा मधे पडला. "ताई, माणसं राहू द्या. सकाळी बादल्या किती लागते ते सांगा."

"तीन," मी ठसक्यात म्हटलं. "बाबांची एक, यांची एक अन् आईंची एक."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तुई?"

भाड्याच्या घरात आम्ही बादलीत रॉड टाकायचो. यांची आंघोळ झाली की माझा डबा, माझी शाळेतली नोकरी, कोण पुन्हा रॉड लावते? मी थंडच घ्यायची. आवडते मला थंड, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे अजिबात आवडत नव्हतं.

"मले नाई लागत," मी पुटपुटले.

"लागते," सासूबाई म्हणाल्या, आणि दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, चार बादल्याईचा दे."

पंचवीस लिटरचा आला. तो लागला त्या सकाळी मी सासूबाईंना दंडाला धरून आधी आत पाठवलं. किती वेळ पाणी पडल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा लुगड्याची गाठ त्यांनी स्वतः मारली होती. तेवढ्यात हे टॉवेल खांद्यावर टाकून दारापाशी आले. सासूबाईंनी आपल्या लेकाला हातानं मागं सारलं आणि मला खूण केली.

"थांब जरासा," त्या त्याला म्हणाल्या. "बायाईचं होऊ दे."